पंधरा टक्के, पण कशाचे?

मैत्रिणींनो, या वेळी पत्रांच्या गठ्ठ्यात अगदी वर जे पत्र होते ते उघडले आणि मी चपापलेच. सातारच्या एका भगिनी लिहितात, "चैत्रातल्या अंकात आपण लिहिलेत की कैऱ्या मिठाच्या पाण्यात वर्षभर ठेवायच्या तर पाणी १५ टक्क्यांचे करावे. त्याप्रमाणे मी एक लिटर पाणी उकळून गार केले, त्यात १५० ग्रॅम मीठ विरघळवले आणि एक किलो कैऱ्यांच्या फोडींवर ओतले. तीन आठवडे झाले नाहीत तोच पाण्यावर पांढरी साय धरली आणि फोडी बोटाने दाबल्या की लगदा. सासूबाईंनी बरणी पाहिली. काही बोलल्या नाहीत, पण ते न बोलणंच जास्त लागलं. आता चूक माझी की तुमची, तेवढे कळवावे."

चूक माझी. निम्मीशिम्मी नव्हे, जवळजवळ सगळी. "१५ टक्के" एवढे लिहून मी मोकळी झाले. कशाचे पंधरा टक्के, ते सांगायचे राहून गेले. बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेतलेल्या बाईकडून हे व्हावे, याची मला खरोखर लाज वाटते आहे. तेव्हा आज दुसरे काही नाही, हे टक्क्यांचे प्रकरणच एकदा नीट मार्गी लावू. कागद-पेन्सिल घेऊन बसा. गणित चौथीच्या मुलाला येईल एवढेच आहे, पण त्यावर बरणी टिकते की नासते ते ठरते. आणि कधी कधी बरणीपेक्षा पुष्कळ मोलाचे काही ठरते; त्याकडे शेवटी येईन.

आधी एक सोपा प्रश्न. एक किलो पाण्यात एक किलो साखर विरघळवली, तर ते साखरेचे पाणी किती टक्क्यांचे? गेल्या रविवारी जेवताना मी हा प्रश्न घरात टाकला. आमचे हे म्हणाले, "शंभर. त्यात काय विचारायचं?" त्यावर धाकटा ताटातून मान वर न करता म्हणाला, "बाबा, शंभर टक्के साखर म्हणजे नुसती साखर. त्यात पाणी कुठाय?"

पोरगा बरोबर बोलला. टक्के म्हणजे शंभरातले, आणि ते शंभर पाण्याचे नव्हेत, तयार झालेल्या सगळ्या मिश्रणाचे. एक किलो पाणी आणि एक किलो साखर मिळून दोन किलो झाले. त्यातली साखर एक किलो. म्हणजे निम्मी, ५० टक्के. पाण्याच्या दुप्पट साखर घातली तरी ती २०० टक्के होत नाही. दोन किलो साखर भागिले एकूण तीन किलो, म्हणजे ६६.७ टक्के. साधारण २० अंश तापमानाला पाणी साखर धरून धरून एवढीच धरते. त्यापुढची साखर गरम असताना विरघळलेली दिसते, पण गार झाल्यावर बाटलीच्या तळाशी खडे होऊन बसू लागते. सरबताच्या बाटलीला फ्रिजमध्ये तळाशी साखर लागते ती यामुळेच.

सूत्र असे: जी वस्तू मोजायची तिचे वजन, भागिले सगळ्या मिश्रणाचे वजन, गुणिले शंभर. वरचे आणि खालचे, दोन्ही वजनेच हवीत. एक ग्रॅममध्ये आणि दुसरे वाटीत, असे चालत नाही.

(जाता जाता, पाव-बिस्किटे करणाऱ्यांची रीत निराळी असते. ते मैद्यालाच शंभर धरतात आणि बाकीचे सगळे त्याच्या हिशेबात सांगतात. त्यांचे "मीठ २ टक्के, पाणी ६० टक्के" म्हणजे शंभर ग्रॅम मैद्याला २ ग्रॅम मीठ आणि ६० ग्रॅम पाणी. दवाखान्यातले ०.९ टक्क्यांचे सलाइन आणखी तिसऱ्या तऱ्हेने मोजलेले असते: शंभर मिलिलिटरमध्ये ०.९ ग्रॅम मीठ. म्हणून टक्के दिसले की पहिला प्रश्न, कशाचे? मीच तो विचारायला विसरले.)

आता सातारच्या बरणीकडे वळू. बाईंनी एक लिटर पाण्यात १५० ग्रॅम मीठ घातले. पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो, एवढे धरायला घरात हरकत नाही. मिश्रण झाले ११५० ग्रॅम. १५० भागिले ११५०, म्हणजे १३ टक्के. पाणी मुळातच पंधराचे नव्हते. पंधराचे करायचे तर १५० ग्रॅम मीठ आणि ८५० ग्रॅम पाणी घ्यायला हवे होते, मिळून बरोबर एक किलो.

पण एवढ्या दोन टक्क्यांनी कैऱ्यांचा लगदा झाला नसता. खरी गोम पुढेच आहे. कैरी म्हणजे काय? शंभरातले ऐंशीच्या वर भाग पाणीच. फोडी मिठाच्या पाण्यात बुडाल्या की त्यांच्यातले पाणी बाहेर येते आणि बाहेरचे मीठ आत शिरते. आत-बाहेर मीठ सारखे होईपर्यंत ही देवघेव चालू राहते. म्हणजे १५० ग्रॅम मीठ एकट्या पाण्याला पुरवून भागत नाही, ते एक किलो कैरीलाही वाटून द्यावे लागते. १५० भागिले २१५०, उत्तर ७ टक्के!

सात टक्क्यांत कैरी खारवली जात नाही, आंबते. एवढ्या मिठात बुरशीच्या जातीचे यीस्ट मजेत वाढते. वरची पांढरी साय ती त्याचीच. पाण्यातला आंबटपणाही ते खाऊन टाकते, आणि मग फोडी मऊ पडायला वेळ लागत नाही. तेव्हा सातारच्या भगिनींनो, तुमच्या हाताचा दोष नाही, तुमच्या कैरीचा नाही आणि मिठाचाही नाही.

मग मीठ किती घालायला हवे होते? अशा वेळी मी उलटा विचार करते. शेवटी बरणीत मीठ १५ टक्के हवे, म्हणजे मीठ सोडून बाकीचे सगळे ८५ टक्के. बाकीचे किती ते आपल्याला माहीतच आहे: एक किलो कैरी आणि एक किलो पाणी, २००० ग्रॅम. २००० ला ८५ ने भागा आणि १५ ने गुणा. आले ३५३ ग्रॅम. ताळा करून पाहा: ३५३ भागिले २३५३, बरोबर १५ टक्के. बाईंनी घातले १५०, हवे होते ३५३. मी नीट लिहिले असते तर त्यांचे ते २०३ ग्रॅम मीठ राहिले नसते.

हीच रीत कोणत्याही टक्क्यांना लागू आहे. दहा टक्के हवे असतील तर बाकीच्या वजनाला ९० ने भागून १० ने गुणायचे. वीस हवे तर ८० ने भागून २० ने. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा. माझ्याकडे आहे.

आता एक गंमत सांगते. माझ्या सासूबाई हयात असताना त्यांच्या कैऱ्या कधी, म्हणजे कधीही मऊ पडल्या नाहीत. त्या पाणी घालतच नसत. अख्ख्या कैऱ्या धुऊन, पुसून, कोरड्या करून थरावर थर रचायच्या, मध्ये मीठ पेरायचे आणि वर धुतलेला जड दगड. दोन-तीन दिवसांत कैरीचे स्वतःचेच पाणी सुटून वर यायचे. गोव्याकडे चेपणीचे आंबे करतात तीच ही तऱ्हा. मिठाचे माप विचारले की म्हणायच्या, "शेराला पावशेर. त्यात काय लिहून घ्यायचंय?"

मी नव्याची नवरी, शिकलेली. मनात म्हटले, शेराला पावशेर म्हणजे २५ टक्के, केवढे हे मीठ! आणि पुढच्या वर्षी त्या माहेरच्या लग्नाला गेलेल्या असताना मी "शास्त्रशुद्ध" बरणी घातली. मीठ कमी केले, पाणी वाढवले. श्रावणात बरणी उघडली तर घरभर वास. सासूबाईंनी ती परसात नेऊन ओतली आणि एवढेच म्हणाल्या, "पुढच्या खेपेला मला विचार हो." सातारच्या बाईंना न बोलणे लागले म्हणतात, ते मला चांगले ठाऊक आहे.

शेराला पावशेर हे पंचवीस टक्के नव्हतेच, हे मला कितीतरी वर्षांनी उमगले. चार भाग कैरी, एक भाग मीठ, एकूण पाच. पाचातला एक, म्हणजे २० टक्के. नेमके टिकाऊ प्रमाण! त्यांनी भागाकार कधी मांडला नसेल, पण कैरीचे वजन त्यांच्या हिशेबात पहिल्यापासून होते. माझ्या नव्हते.

मिठाचीही मर्यादा सांगून टाकते. साध्या तापमानाला शंभर ग्रॅम पाण्यात साधारण ३६ ग्रॅम मीठ विरघळते. ३६ भागिले १३६, म्हणजे सुमारे २६ टक्के. त्यामुळे कुठे "३० टक्क्यांचे मिठाचे पाणी" असे वाचलेत तर खुशाल समजा की लिहिणाऱ्याने माझ्यासारखीच चूक केली आहे. पूर्वीच्या बायका अंडे सोडून पाहत. ताजे अंडे तरंगायला लागले की पाणी साधारण दहा टक्क्यांच्या आसपास आले. आमच्याकडे अंडे घरात येत नसे, त्यामुळे आमची भिस्त जिभेवर.

आता वाट्या-चमच्यांविषयी. "वजन कशाला, वाटीने घेतले तर काय बिघडते?" असे पुष्कळजणी विचारतात. नेहमीच्या भाजीला काही बिघडत नाही. पण माझ्याच वाटीचे सांगते. काठोकाठ सपाट भरून बारीक पुडीतले मीठ घेतले तर भरले २४० ग्रॅम. त्याच वाटीत जाडे मीठ भरले २०५. खड्यांच्या मध्ये पोकळी राहते, म्हणून. आजीच्या वहीतली "वाटीभर मीठ" ही जाड्या मिठाची वाटी. तीच वाटी तुम्ही बारीक मिठाने भरलीत की लोणचे खारट, आणि नाव आजीचे. उलट वहीतली बारीक मिठाची वाटी जाड्याने भरलीत, तर बरणीला धोका.

पातळ पदार्थांत तर आणखी फसगत. पाण्याचा लिटर एक किलो, पण गोडेतेलाचा लिटर साधारण ९१० ते ९२० ग्रॅमच भरतो. शिवाय आकारमाने एकमेकांत मिसळली की त्यांची बेरीज जुळतेच असे नाही. एक किलो साखर आणि एक लिटर पाणी यांचा पाक दोन लिटर होत नाही, होतो साधारण १.६ लिटर. मी एकदा दोन लिटरच्या हिशेबाने बाटल्या धुऊन, उकळून, वाळवून ठेवल्या. दुसरी अर्धीच भरली. मला वाटले, बाईने चाखून संपवला! बिचारी. वजन मात्र कधी फसवत नाही. जेवढे घातले तेवढेच बेरजेत निघते, उकळून वाफ गेली नसेल तर. आणि उकळले असेल तर पातेले उतरवल्यावर पुन्हा वजन करावे. साखर तेवढीच राहिलेली असते, गेले ते पाणी.

हल्ली सेलवर चालणारा, एकेक ग्रॅम दाखवणारा काटा भांड्यांच्या कोणत्याही बऱ्या दुकानात मिळतो. रिकामे भांडे ठेवून बटण दाबले की काटा शून्यावर येतो, भांड्याचे वजन वजा करायची कटकट नाही. दिवाळीला स्टीलचा आणखी एक डबा घेण्यापेक्षा हा घ्या, असे मी हक्काने सांगेन.

पण एक ग्रॅमच्या काट्यालाही जे पेलत नाही, त्याचे काय? हा प्रश्न बचत गटातून सरबते करून विकणाऱ्या एका भगिनींचा आहे, आणि फार चांगला आहे. लिंबाच्या किंवा संत्र्याच्या स्क्वॅशमध्ये टिकण्यासाठी पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घालतात, दुकानात ज्याला नुसते केएमएस म्हणतात ते. त्या लिहितात, "आमच्यात जी तो घालते ती चिमूटभर घालते. पण चिमटी प्रत्येकीची वेगळी."

चिमटीचे माप इथे नको. कमी पडले तर बाटली फसफसून बूच उडते, जास्त झाले तर घशात झोंबते, आणि दम्याच्या माणसाला खरोखर त्रास होऊ शकतो. स्क्वॅशसाठी रुळलेली मर्यादा अशी, की दहा लाख भागांत सल्फर डायऑक्साइड ३५० भागांच्या वर जाऊ नये. म्हणजे एक किलो स्क्वॅशमध्ये ०.३५ ग्रॅम. केएमएसच्या वजनाचा साधारण ५७ टक्केच भाग या वायूचा असतो, म्हणून एका किलोला केएमएस लागते ०.६ ग्रॅम. घरच्या काट्यावर ०.६ ग्रॅम दिसणारच नाही.

अशा वेळी टक्के आपल्या कामी येतात. १० ग्रॅम केएमएस आणि ९० ग्रॅम उकळून गार केलेले पाणी काचेच्या बरणीत मिसळा. मिश्रण १०० ग्रॅम, दहा टक्क्यांचे. आता या पाण्याच्या दर १० ग्रॅममध्ये एक ग्रॅम केएमएस आहे. ०.६ ग्रॅम हवे, तर हे पाणी ६ ग्रॅम घ्यायचे. पाच किलो स्क्वॅशला ३० ग्रॅम, आणि ३० ग्रॅम आपला काटा छान दाखवतो. जे मोजता येत नव्हते ते पाण्यात पसरवून मोजता येण्याजोगे केले, इतकेच. हे पाणी त्या त्या दिवशी ताजे करावे, त्यातला वायू उडून जातो. उरलेले पुढच्या आठवड्याला ठेवू नये. धातूचे भांडे टाळावे, वास घेऊन पाहू नये, आणि डबीवर नाव लिहून मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी. कोकम, जांभूळ अशा गडद सरबतांना केएमएस वापरत नाहीत, रंग उडतो. तिथे सोडियम बेंझोएट चालते, त्याची मर्यादा निराळी. आणि विकायचे असेल तर परवान्याच्या वेळी आजचा नियम लेखी विचारून घ्यावा. माझ्या लेखाच्या भरवशावर राहू नये. माझा भरवसा कसा असतो ते सातारकरणीला विचारा!

शेवटी येईन म्हटले ते आता. गेल्या उन्हाळ्यात माझ्या चुलत जाऊबाईंच्या दीड वर्षाच्या नातवाला जुलाब लागले. मी सहज म्हणून गेले होते. सूनबाई हुशार, लगेच औषधाच्या दुकानातून मीठ-साखरेची पुडी आणून तयारीत बसलेली. पण पाहते तर पुडी फोडून सगळी एका पेल्यात ओतलेली, आणि चमच्या-चमच्याने बाळाच्या तोंडात घालते आहे. बाळ तोंड फिरवतेय, रडतेय. मी विचारले, "अगं, पुडी किती पाण्याची?" ती म्हणाली, "काकू, एक लिटर लिहिलंय. पण एवढं पाणी हा कुठला प्यायला? म्हटलं पेलाभरच करावं, औषध तर सगळं जाईल ना पोटात."

तिचे चुकले असे मी म्हणणार नाही. आपल्याला औषध म्हणजे पुडीतली पूड वाटते आणि पाणी नुसते गिळण्यापुरते. इथे मात्र पाणी हेच औषध आहे. पूड त्याला आतड्यातून रक्तात शिरायला मदत करते, आणि तीही ठरावीक प्रमाणात असली तरच.

हिशेब पाहा. एक लिटरच्या पुडीत सगळे मिळून २०.५ ग्रॅम असते: २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट आणि १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड. एक किलो पाण्यात हे पडले की मिश्रण २ टक्क्यांचे. तीच पुडी २०० मिलिलिटरच्या पेल्यात पडली की २०.५ भागिले २२०.५, म्हणजे ९ टक्क्यांच्या वर. इतके दाट पाणी आतड्यात गेले की ते शरीरात शिरायच्या ऐवजी शरीरातलेच पाणी आतड्यात ओढून घेते. जुलाब वाढतात, रक्तातले मीठ चढते, मूल तहानेने कासावीस होते, आणि फार चढले तर झटकेही येऊ शकतात. कैरीच्या फोडीतले पाणी मीठ बाहेर ओढते म्हणून मी वर लिहिले ना, तेच. फक्त इथे कैरी नसते.

आम्ही तो पेला मोरीत ओतला. नवी पुडी उघडली, लिटरची बाटली मोजून पाणी घेतले. तासाभरात बाळ वाटीतून आपणहून प्यायला लागले. रात्री मी घरी आले, पण झोप काही लागेना.

पाणी मोजायला लिटरची बाटली नसेल तर आपला काटा आहेच. रिकामा पेला ठेवून शून्य करा, पाण्याने भरा. जितके ग्रॅम तितके मिलिलिटर. आमच्याकडचे "एकसारखे" पेले मोजले तर एक १८० चा निघाला आणि एक २५० चा! पुडी अर्धी करून वापरू नका. आतल्या चार पुडी हलक्या-जड असतात, एका अर्ध्यात मीठ जास्त जाईल आणि दुसऱ्यात कमी. लहान, २०० मिलिलिटरच्या पुड्या वेगळ्या मिळतात, त्या घ्या. केलेले पाणी २४ तासांनंतर टाकून द्यायचे. बाटलीतली तयार गोड पेये ही त्याला पर्याय नव्हेत, त्यांत साखर फार असते. आणि मूल मलूल पडले, डोळे खोल गेले, शू होईनाशी झाली किंवा शौचातून रक्त दिसले, तर पुडीच्या भरवशावर न थांबता डॉक्टरांकडे.

पुडी हाताशी नसेल तर घरी करायचे माप असे: एक लिटर उकळून गार केलेले पाणी, साखर सहा सपाट चमचे, मीठ अर्धा सपाट चमचा. चमचा ५ मिलिलिटरचा, चहाचा. पोह्यांचा नव्हे! सपाट म्हणजे सुरीच्या पाठीने वरचे काढून टाकलेला. वजनात ही साखर सुमारे २५ ग्रॅम आणि मीठ सुमारे ३ ग्रॅम. शीग लावून घेतलेत तर मीठ सहज दुप्पट होते. काटा असेल तर वजनच करा.

हे पाणी आपल्याकडे केवढे मोठे काम करून गेले आहे, ते थोडक्यात सांगते. १९७१ साली बांगलादेशाच्या युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगाव इथल्या निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली. सलाइनच्या बाटल्या संपत आलेल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी तोंडाने पाजायचे पाणी करायचे ठरवले: लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ, २.५ ग्रॅम खायचा सोडा. कलकत्त्याला ही पूड वजन करून पॉलिथिनच्या पिशव्यांत भरली आणि त्या पिशव्यांची तोंडे गरम इस्त्रीने चिकटवली! आपल्या घरची इस्त्री, मैत्रिणींनो. पाणी पाजायचे काम रुग्णांच्या नातेवाइकांनीच केले, त्यांत आया आणि बहिणी पुष्कळ असणार. मृत्यूचे प्रमाण शंभरात ३० च्या घरात होते, ते त्यांच्या देखरेखीखाली ३.६ वर आले. २०२२ मध्ये डॉक्टर गेले, आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. छावणीतल्या त्या बायकांना ग्लुकोजचे टक्के माहीत असायचे कारण नव्हते. कोणीतरी आधी नीट वजन केले होते, आणि किती पाण्यात घालायचे ते नीट सांगितले होते.

आता सातारच्या भगिनींसाठी. ती बरणी वाचवायचा प्रयत्न करू नका. फोडी मऊ होऊन साय धरली आहे. वरून मीठ वाढवून गेलेला करकरीतपणा परत येत नाही. टाकून द्या, बरणी कडक उन्हात दोन दिवस वाळवा. बाजारात उशिराच्या कैऱ्या अजून मिळत असतील तर घट्ट, आंबट, कोय धरलेल्या एक किलो आणा. पाणी एक किलो, मीठ ३५३ ग्रॅम, आणि फोडी पाण्याखाली राहतील असे काहीतरी जड वर ठेवा. वर आलेली फोड पहिली नासते. खायच्या आदल्या रात्री फोडी साध्या पाण्यात घालून खारटपणा उतरवा. सासूबाईंना सांगा की पहिल्या बरणीचा दोष लेखिकेचा होता, हवे तर हा अंकच दाखवा.

आणि त्यांचे मिठाचे जुने माप काय होते तेही विचारून मला कळवा. वाटीचे असेल तर वाटीचे वजनही. बाकीच्यांनीही आपापल्या घरातली मापे पाठवावीत. पत्रावर कोपऱ्यात "मिठाचे माप" असे लिहावे, म्हणजे गठ्ठ्यात सापडायला सोपे जाईल. पुढच्या अंकात आवळ्याचा मोरांबा, आणि या खेपेला टक्के कशाचे ते आधी सांगेन.